परिणामी, तसेच आणि दरम्यान

कार्यालयाच्या वार्षिक अहवालातलं माझं पान काल परत आलं. वर लाल शेरा : ‘वाक्यं सुटी सुटी वाटतात. फ्लो नाही. जोडशब्द वाढवा.’ शेरा मारणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो वयाचा नाही.

मी लिहिलं होतं : ‘अभिलेख कक्षाचं छत गळत होतं. दुरुस्तीसाठी पत्रावर पत्रं दिली. उत्तर आलं नाही. पाऊस आला. फाइली भिजल्या.’ यात सुटं काय आहे? प्रत्येक वाक्य पुढच्याच्या मानगुटीवर बसलंय. दुरुस्त होऊन आलं ते असं : ‘पावसाळ्याचे आगमन झाले. परिणामी काही फाइली भिजल्या. तसेच छतासंदर्भात पत्रव्यवहारही करण्यात आला.’

बघा, ‘परिणामी’ने काय केलं! सगळा दोष पावसावर. आणि ‘तसेच’मुळे आमची पत्रं फाइली भिजल्यावर लिहिल्यासारखी झाली. शिवाय फाइली भिजणं आणि पत्र लिहिणं ही जणू आमच्या विभागाने वर्षभरात पार पाडलेली दोन कामं.

तावातावाने त्याच्या टेबलापाशी गेलो.

“सर, सॉफ्टवेअर मोजतं ना,” तो शांतपणे म्हणाला. “शंभरातल्या 30 वाक्यांत तरी जोडशब्द लागतात. तुमचं पान लाल दाखवत होतं. आता बघा, हिरवं.”

पान खरंच हिरवं होतं. छत अजून गळतंय.

इतक्यात शेजारची खुर्ची वळली. खुर्चीत समन्वय विभागाचे साहेब. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“मी काय म्हणतो,” साहेब म्हणाले, “मुळात कसं आहे, की एका अर्थी पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. अर्थात, दुसऱ्या बाजूने विचार केला तर यांचंही. पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा आहे, की ज्या अनुषंगाने आपण हे बोलतोय, त्याच अनुषंगाने...”

इथे त्यांनी चष्मा काढला. काचांवर हाः हाः करून वाफ सोडली. रुमाल शोधला, सापडला नाही, शर्टाच्या टोकाने पुसलं. चष्मा परत घातला. आम्ही दोघं मुद्द्याची वाट बघत उभे.

“...थोडक्यात सांगायचं झालं तर, एकंदरीतच. काय?”

“हो,” मी म्हणालो. कशाला म्हणालो, देव जाणे.

“नाही, पण त्याचबरोबर,” साहेबांना आता हुरूप आला, “याउलट जर आपण असं धरून चाललो, की पर्यायाने, किंबहुना त्याही पुढे जाऊन...”

ते पुढे गेले. बरेच पुढे गेले. डबा एकही नाही, नुसत्या कड्याच एकमेकींत अडकवत गाडी चालली होती. मुलगा मात्र मान डोलावत होता. डोलावणारच, त्याच्या सॉफ्टवेअरने साहेबांना शंभरपैकी शंभर दिले असते.

तेवढ्यात साहेबांच्या फोनने मान टाकली. ते म्हणाले, “चार्जर आहे का? पातळ पिनचा.”

संपलं. ना अनुषंग, ना किंबहुना. माणसाला खरंच काही हवं असलं की त्याची वाक्यं कशी झटकन सरळ होतात!

शाळेत आम्ही उभयान्वयी अव्ययं घोकली. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. ‘म्हणून, सबब, याकरिता’ हे परिणामबोधक, गुणही मिळाले. पण ‘म्हणून’ लिहिलं की आधीचं कारण खरं असावं लागतं, हे कुणी सांगितलं नाही. जुन्या मोडी पत्रांत तर शब्दसुद्धा सलग लिहायचे, विरामचिन्हांचा पत्ता नसे. ती आली 19व्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. त्याआधी ‘ऐसियास’, ‘सबब’, ‘तरी’ हेच वाचणाऱ्याला सांगायचे की एक गोष्ट आटोपली, आता दुसरी ऐका. कामाची माणसं होती ती. आज पूर्णविराम फुकट मिळतो, तरी भरती चालूच.

‘मात्र’चंच घ्या. ज्याच्याशी भांडण, त्याच्या मागे तो उभा राहायचा : ‘सगळे आले, तो मात्र आला नाही.’ हल्ली त्याला वाक्याच्या दारातच उभं करतात, पुढे स्वल्पविराम देऊन. आणि बातम्यांतलं ‘दरम्यान’! शेवटच्या परिच्छेदाच्या तोंडाशी ते दिसलं की समजावं, ही माहिती कुठे कोंबावी हे लिहिणाऱ्याला कळलेलं नाही.

तरी जोडशब्दांशी माझं वैर नाही. एक तर मीच त्या मुलाला सुचवला. “असं लिही,” म्हटलं, “फाइली भिजल्या, कारण पत्रांना उत्तर आलं नाही.”

तो अस्वस्थ झाला. “सर, ‘कारण’ नको. ते जरा डायरेक्ट होतं.”

म्हणजे शंभरात 30 हवेत, पण त्यांतला जो एक खरोखर दोन गोष्टी जोडतो, तो नको. ‘परिणामी’ चालतं, कारण पाऊस खुलासा मागायला येत नाही. ‘कारण’ लिहिलं की कुणाचं तरी नाव निघतं. गळक्या छताखाली वर्षभर मी बसायचं, भिजलेल्या फाइली पंख्याखाली मी वाळवायच्या, आणि अहवालात सगळं ‘करण्यात आलं’. कुणी केलं नाही ते बोलायचंच नाही.

आज दुपारी अंतिम प्रत आली. माझ्या पानाच्या तळाला एक नवंकोरं वाक्य : ‘दरम्यान, छतदुरुस्तीबाबत पाठपुरावा सुरू आहे.’

मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. विचारलं, “पाठपुरावा कोण करतंय?”

“कोणी नाही सर,” तो म्हणाला. “ते फ्लोसाठी आहे.”