निब वाकवायची सोपी पद्धत

मागच्या रविवारी सात रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही शाईच्या पेनाचे दहा-बारा वेडे जमलो होतो. प्रदर्शन म्हणा, मेळावा म्हणा, काहीही म्हणा. टेबलं लावली, त्यावर चादरी टाकल्या (सोलापुरात टेबलावर दुसरं काय टाकणार), आपापली पेनं मांडली आणि येईल त्याला दाखवत बसलो. माणसं आली, खरंतर अपेक्षेपेक्षा जास्तच आली. त्यातल्या काहींचं वागणं बघून माझ्या लक्षात आलं की पेनांचं प्रदर्शन कसं बघावं याचं एक पूर्ण शास्त्र आपल्याकडं तयार आहे, फक्त कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणलं आपण लिहू. हाताने लिहिलं असतं, पण पेन दुरुस्तीला जाणार आहे म्हणून टाइप करतोय.

तर सुरुवात दारातूनच करा. आत पाऊल टाकायच्या आधी मोठ्यानं विचारा, "सेल आहे का?" समोरचा नाही म्हणला की विचारा, "मग मांडलंय कशाला?" मला सकाळपासून सहा जणांनी विचारलं. प्रश्न लई खोल आहे, उत्तर सापडलं की कळवतो.

मग सगळ्यात चकचकीत पेनाकडं बोट करून किंमत विचारा. आकडा कानावर पडला की दोन पावलं मागं सरका, बायकोकडं बघा आणि म्हणा, "एवढ्यात मोबाईल येतो की!" येतो ना. चार्जरसकट येतो.

"आमच्या घरी पण दोन पार्कर पडलेत" हे सांगितल्याशिवाय पुढच्या टेबलाकडं जायचं नाही. 'पडलेत' हा शब्द तसाच ठेवा.

येताना जेवूनच या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल, एकदम व्यवस्थित जेवा. आणि हात अजिबात धुवू नका, सोलापुरातल्या पाण्याचं तर तुम्हाला माहितीच आहे. त्याच हाताने आमचं कोरं पॅड नीट दाबून धरा म्हणजे कागदाला तेल लागेल, तेलावर शाई धरत नाही, मधेच रेघ तुटेल, आणि मग तुम्हाला मान हलवत म्हणता येईल, "चालत नाही हो तुमचं पेन."

थोडं माहितगार असाल तर उत्तमच. मग बघायला येऊच नका, शिकवायला या. जपानी फाइन निब ही युरोपियन फाइनपेक्षा बारीक असते, कॅम्लिनवाल्या दांडेकरांनी 1931 साली सुरुवात केली ती शाईची पूड आणि गोळ्या विकून, त्यावर छाप घोड्याची होती, उंट नंतर आला, कट निबने, म्हणजे टोक कापलेल्या निबने, देवनागरी लिहिली की रेघ कुठं जाड येते न कुठं बारीक, वगैरे सगळं मागं रांग लागलेली असताना वीस मिनिटं सांगा. (ही जमात आमच्यातच जास्त आहे. मी पण त्यातलाच. त्या दिवशी घोडा-उंटाचं मीच दोन जणांना ऐकवलं, तिसरा पळाला.)

आता जरा पुढची पायरी. पेन उघडून बघणे. माझ्या शेजारच्या टेबलावर एका मित्राचं आंध्रातल्या राजमहेंद्रीचं रत्नम पेन होतं, काळं, एबोनाइटचं. 1930 च्या दशकात गांधीजींच्या स्वदेशीच्या काळात ज्या पेनांचं नाव झालं, त्यातलं. सकाळी पूर्व भागातले, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू वस्तीतले, एक आजोबा आले, राजमहेंद्री म्हणल्यावर थांबले, मित्राने दिलं तेव्हाच हातात घेतलं, दोन बोटांत धरून वास घेतला. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला तो वास असतोच. तेलुगूत काहीतरी पुटपुटले, हसले आणि पेन जिथं होतं तिथं ठेवून गेले. असं करायचं नसतं. असं केलं तर मजा काय राहिली? खरी मजा त्यांच्या मागच्या तरुणाला कळली होती. त्याने पेन उचललं आणि बघू आत काय आहे म्हणून मधून गरागरा फिरवलं. आता ही ड्रॉपरने शाई भरायची पेनं, आत कन्व्हर्टर (शाई ओढून घ्यायची छोटी नळी) नाही, शाईचं तयार काडतूस नाही, मागची अख्खी नळी म्हणजेच शाईची टाकी, साध्या कन्व्हर्टरमध्ये एक मिलीसुद्धा बसत नाही तिथं ह्यात दोन-तीन मिली आरामात बसते. ती सगळी बाहेर आली. थोडी त्याच्या पँटवर, बाकीची चादरीवर. आणि पोरगं काय म्हणालं माहितीये? "अहो सांगायचं ना आधी!" बरोबर आहे, चूक आमचीच. पुढच्या वेळी टाकीवर पाटी लावू.

टोपण मागच्या बाजूला बसत नसेल तर जोर लावा, बसेल. चरा पडेल, पण बसेल.

कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करायची असेल तर टेबलावरचं कुठलंही पेन उचला, त्यासाठीच तर मांडलेत.

शाई उतरत नाही असं वाटलं की पेन झटका. खाली झटकू नका, समोर झटका. समोर माणूस उभा असेल, पांढरा शर्ट असेल, तर निशाणी राहते, आठवण राहते. आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली घरात असेल तर ती पण घेऊन या, "ही टाकून बघा, मस्त काळी आहे". त्यात लाख असते, ती पेनाच्या जिभेच्या (निबखालची शाई आणणारी पट्टी) खाचांमध्ये वाळून बसली की पेन कायमचं शांत होतं. तेवढीच शांतता.

आणि आता मुख्य विषय. सही.

पेन हातात आलं की सहीच करायची असते. नाव लिहू नका, रेघ मारू नका, गोल काढू नका, सही करा. तीन वेळा करा. आणि दाबून करा, खाली तीन कार्बन कॉपी आहेत असं समजून करा, आयुष्यभर बॉलपेनने चलन भरलेल्या हाताला ते आपोआप जमतं. बॉलपेन दाबावं लागतं कारण त्याच्या टोकाची गोळी फिरल्याशिवाय शाई येत नाही. शाईच्या पेनात तसलं काही नसतं, निबला मधोमध बारीक चीर असते, त्या चिरेतून शाई केशाकर्षणाने स्वतःच खाली येते, हो तेच शाळेतलं केशाकर्षण, पेन कागदावर नुसतं टेकवलं तरी त्याच्या वजनावर लिहितं. पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे? माझं पायलट या जपानी कंपनीचं कस्टम 74 पेन होतं टेबलावर. 14 कॅरेटची निब, म्हणजे हजारात 585 भाग सोनं, निबवर तसं कोरलेलं असतं. टोकाचा मणी तेवढा कडक धातूचा, बाकी मऊ. तीन महिने पैसे बाजूला टाकून घेतलेलं. मी चहाच्या कपासाठी मागं वळलो, अर्धा मिनिट, खोटं नाही सांगत अर्धा मिनिट, आणि परत वळलो तर एक साहेब टेबलावर वाकून, कोपर टेकवून, जीभ दातात धरून सही करतायत. "अहो साहेब, अहो—" म्हणेपर्यंत दुसरी झाली. निबच्या दोन पाकळ्या फाकलेल्या मला उभ्या जागेवरून दिसत होत्या, आणि हे गृहस्थ तिसरी करायला घेतात, कारण दुसरीत रेघ तुटली होती! तुटणारच! पाकळ्या फाकल्या की मधली शाई तुटते, मग माणूस अजून दाबतो, मग त्या अजून फाकतात, एवढं साधं आहे. मग त्यांनी निब उलटी करून बघितली. मग झटकलं. मग माझ्याकडं बघितलं, माझा चेहरा काय झाला असेल तुम्हीच विचार करा, आणि पेन टोपण न लावता चादरीवर टाकून म्हणतात कसे, "बोगस आहे. आमचं पाच रुपयाचं बरं चालतं." आणि मी ज्यासाठी मागं वळलो होतो तोच चहा उचलून गेले. माझा चहा!

घरी येऊन भिंगातून बघितलं. एक पाकळी वर, एक खाली, मधून उजेड दिसतो. सोनं एकदा वाकलं की आपोआप परत येत नाही. आता ते निब सरळ करणाऱ्याकडं पाठवायचं, असा माणूस सोलापुरात माझ्या माहितीत नाही, म्हणजे बाहेरगावी, कुरिअरने, त्याच्याकडं आधीच नंबर लागलेले. सरळ होईलही. पण पूर्वीसारखं चालेल का, ते तो पण सांगत नाही.

बास झाली सूचना-बिचना. सरळ सांगतो. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो हे तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का? दुसऱ्याच्या गाडीची किल्ली फिरवून बघता का? हॉलमध्ये चहा द्यायला जो पोरगा आला होता, त्याने ट्रे हातात धरून विचारलं, "काका, इथं ठेवू का लांब ठेवू, पेनावर सांडंल." त्याला पेनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही शिकलेले, चांगल्या नोकरीतले, अंगावर इस्त्रीचे कपडे, आणि तुम्हाला "हात लावू का?" हे तीन शब्द जड जातात? आम्ही कुणी नाही म्हणत नाही हो! दाखवायलाच बसतो आम्ही रविवार घालवून, घरच्यांच्या शिव्या खाऊन. विचारलं असतं तर मी स्वतः शाईत बुडवून हातात दिलं असतं, कसं धरायचं दाखवलं असतं, बसून पानभर लिहा म्हणलं असतं. आणि वाकलीच निब, तर निदान थांबा, "चुकलं हो" म्हणा. पैसे मागितले नसते मी. बोगस म्हणून निघून जाता?

ते पॅड मी जपून ठेवलंय. तिन्ही सह्या आहेत त्याच्यावर, खाली तिरपी रेघ, रेघेखाली दोन ठिपके. तेव्हापासून शंभर वेळा बघितल्या, नावातलं एक अक्षर लागत नाही. लागलं असतं तर आत्ता हे लिहीत बसलो नसतो, त्यांच्या दारात उभा असतो.