पदर उलटा करून बघणारे

आज एका साखरपुड्याला गेले होते, घरी येऊन चार तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय, मोठं होईल, वाचा.

नवरीची एक मैत्रीण, नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी, वांगी रंगाची पैठणी नेसून आली होती. मोरपंखी काठ, वर खणाचा साधा ब्लाउज, गळ्यात काही नाही. इतकं नेमकं जमवलं होतं की मी लांबूनच बघत राहिले. तेवढ्यात एक बाई आल्या, तिच्या खांद्यावरचा पदर हातात घेतला, उलटा केला, मागचे धागे बघितले आणि चार बायकांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "सेमी आहे गं ही!" म्हणजे यंत्रमागावरची, हातमागाची नाही. झालं. पोरीनं पदर गुंडाळून घेतला आणि जेवणं होईपर्यंत तो हातात घट्ट धरून बसली.

रंग नाही बघितला, काठ नाही बघितला, डायरेक्ट मागची बाजू! माणूस बघायला आलाय की जप्ती करायला?

मला राहून राहून येवला आठवतंय. मावशीला घेऊन गेले होते एकदा. तिला पैठणी घ्यायची नव्हती, परवडणारीच नव्हती, तिला फक्त माग बघायचा होता. विणकर पदरातली मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, विणत होते, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे, मग पुढची ओळ, परत तेच. आम्ही बराच वेळ बसलो तरी पोपटाची मान काही पूर्ण होईना. मावशी एकदम म्हणाली, मानेपाशी हिरवा बदललात ना, कागदावर तर एकच आहे. त्यांनी हात थांबवला. म्हणाले, "एकाच हिरव्यात मान पंखात बुडून जाते, ताई." आणि मग समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना ते मावशीशीच बोलत राहिले. एक तयार साडी काढली, पदर उलटसुलट केला आणि विचारलं, सांगा, सरळ बाजू कुठली? मावशीला सांगता येईना. दोन्हीकडून तीच मुनिया.

म्हणजे पदर त्यांनीही उलटाच केला होता. पण तो दाखवायला. आज केला तो पोरीला पाडायला.

आता कुणीतरी लिहीलच की खरी आणि सेमी यातला फरक कळायला नको का. हवा ना, मान्य. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारणारे दुकानदार आहेत, २०१० मध्ये पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळूनही हे चालूच आहे, त्यात विणकराचं पोट मारलं जातं. पण मग तो पदर दुकानात उलटा करा, काउंटरवर भांडा! पोरीनं कुठे सांगितलं होतं की ही हातमागाची आहे म्हणून? तिला तो वांगी आवडला, तिनं घेतली.

आणि ज्यांच्याकडे खऱ्या आहेत त्यांना तरी विचारा. आमच्याकडे लग्नात एकमेकींना पहिला प्रश्न काय, "कितीची?" पदरावर आसावली आहे की बांगडी मोर, काठ नारळी आहे की मुनिया, काही माहीत नसतं, आकडा मात्र पाठ. पर्सचंही तेच. लुई व्हिताँची ती अक्षरंवाली बॅग, ते डिझाइन १८९६ मध्ये आलं ते नकला थांबवायला, आज लोक अक्षरांसाठीच बॅग घेतात आणि नकलाही अक्षरांच्याच होतात. मला बॅगेशी वैर नाही, चांगलं शिवलेलं चामडं हातात घेतलं की मलाही सोडवत नाही. पण ती शिवण बघणारी एक तरी भेटू दे.

ज्यांना परवडतं त्यांनी लाखाची जरूर घ्यावी, त्यावर मागवाल्याचं घर चालतं, हेही खरंच आहे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या बाईंनाही कदाचित आयुष्यभर साडीच्या किमतीवरूनच मान मिळाला असेल, सासरी पहिल्या दिवशी त्यांचाही पदर कुणी असाच चाचपला असेल, काय सांगावं. वाईट वाटतं. पण नाही, ती पोरगी पदर धरून बसलेली आठवते आणि परत चिडचिड होते, वयानं मोठं असलं म्हणून काहीही बोलायचं का?

माझी मावशी मुलाच्या लग्नात सेमीच नेसली होती. तीन दुकानं पालथी घालून पोफळी रंग मिळवला होता, आणि मांडवात लहान मुलींना जवळ बसवून सांगत होती की बघा, हा पोपट म्हणजे मुनिया, खऱ्या पैठणीत याची मान दोन हिरव्यांत असते, मी बघून आलेय. त्या बाईंच्या हिशेबानं तिला पैठणीतलं काही कळत नव्हतं. येवल्याच्या त्या विणकरांना विचारा.

एक काम करा. ज्यांच्या कपाटात आईची, आजीची पैठणी पडून आहे त्यांनी ती उद्याच काढा, घडी बदला नाहीतर जरीचे धागे घडीवर तुटतात, आणि पदराचा फोटो खाली टाका. खरी, सेमी, कुठलीही. नक्षी ओळखता आली तर नाव लिहा, नाही आली तर विचारा, आपण मिळून शोधू. किंमत लिहिलेली कमेंट मी डिलीट करणार आहे, आधीच सांगते.