‘५० वर्षं चार्जिंग नको’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत होतो. जमिनीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरचा सेल बदलायचा होता. डब्याचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं, पट्टीवर हिरवट गंज चढलेला. बागवाले काका मोबाइल पुढे करून म्हणाले, “भाऊ, हे पन्नास सालवाली बॅटरी टाकून द्या ना. सारखं झाकण काहून खोलता?”

मोबाइलवर तेच फॉरवर्ड होतं, जे नागपुरातल्या माझ्या तीन ग्रुपांवर फिरतंय : चीनने नाण्याएवढी अणुबॅटरी बनवली, तिच्यावर मोबाइल ५० वर्षं चार्ज न करता चालेल, ई-रिक्षाही चालेल, किरणोत्सर्ग शून्य, बॅटरी कंपन्या ती दाबून ठेवतात.

बॅटरी बनवली, हे खरं आहे. बीजिंगच्या बीटाव्होल्ट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ती जाहीर केली. आकार १५ × १५ × ५ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. आत निकेल-६३, म्हणजे निकेलचा किरणोत्सारी प्रकार (समस्थानिक) आहे. त्यातून सुटणाऱ्या बीटा कणांची (वेगवान इलेक्ट्रॉनांची) ऊर्जा हिऱ्याचे पातळ थर विजेत बदलतात. निकेल-६३ निम्मं व्हायला सुमारे १०० वर्षं लागतात, त्यामुळे ५० वर्षांचा दावा पटण्यासारखा आहे. मोबाइलचा उल्लेखही कंपनीच्या घोषणेतच होता. फॉरवर्डने गाळला तो एकच आकडा : शक्ती १०० मायक्रोवॉट. वॉटचा दहा हजारावा भाग.

आता मोबाइल घ्या. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. १०० मायक्रोवॉटने ती एकदा भरायला सुमारे २२ वर्षं लागतील. पन्नास वर्षांत जेमतेम दोनदा! वापरात असलेल्या फोनला १ वॉट लागतो असं धरलं, तर अशा १०,००० बॅटऱ्या हव्यात. त्यांचं आकारमान ११ लिटर, म्हणजे खिशात बादली घेऊन फिरायचं. ई-रिक्षाच्या मोटरला १ किलोवॉट धरा, तर एक कोटी बॅटऱ्या. त्या ठेवायला पाण्याचा टँकर लागेल.

“आज नाही, उद्या जमेल,” असं यावर हमखास ऐकायला मिळतं. पण अडचण कारागिरीची नाही. एक ग्रॅम शुद्ध निकेल-६३ मधून दर सेकंदाला जी ऊर्जा सुटते, ती ६ मिलिवॉटपेक्षा कमी भरते. अणूंचा क्षय आपल्या गतीनेच होतो, त्याला घाई करता येत नाही. सुटलेली सगळी ऊर्जा विजेत बदलली, तरी १ वॉटसाठी १७० ग्रॅम शुद्ध निकेल-६३ लागेल. आणि ते खाणीत सापडत नाही; निकेल-६२ वर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून बनवावं लागतं. ते निकेल-६२ सुद्धा नैसर्गिक निकेलमध्ये फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

काकांना मी ठिबकचं उदाहरण दिलं. ठिबकचं एक तोंड झाड जगवतं, पण त्याच्याखाली कुणी आंघोळ करत नाही.

किरणोत्सर्ग ‘शून्य’ नाही. निकेल-६३ चे बीटा कण कागदाच्या पानानेही अडतात, त्यामुळे बंद बॅटरी हातात धरायला भीती नाही. फुटून तिची भुकटी श्वासात किंवा पोटात गेली, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे जुनी वस्तू कुठे जाते? भंगारात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एकाचा जीव गेला. कोबाल्टचे गॅमा किरण कितीतरी घातक, तुलना सरळ होत नाही; पण अशी वस्तू घरोघरी वाटण्याआधी अणुऊर्जा नियामक परिषदेने अडवून विचारणं मला योग्यच वाटतं.

दाबून ठेवण्याच्या आरोपात काहीच दम नाही. हेन्री मोझलीने १९१३ मध्येच रेडियमवर असा प्रयोग केला होता. १९७० च्या दशकात प्लुटोनियम-२३८ वर चालणारे पेसमेकर माणसांच्या छातीत बसवले गेले. पुढे लिथियमचे सेल पुरेसे टिकू लागले, आणि रुग्ण गेल्यावर प्लुटोनियम परत मिळवायची जबाबदारी कुणालाच नको होती, म्हणून ते मागे पडले.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मोबाइलच्या आशेपायी या बॅटरीचं खरं काम कुणी सांगतच नाही. माझा सेन्सर झोपेत १० मायक्रोवॉट खातो आणि निरोप पाठवताना सेकंदभर १३० मिलिवॉट. उरलेले ९० मायक्रोवॉट एका कपॅसिटरमध्ये साठवत गेलं, तर सुरुवातीला दर २५ मिनिटांनी एक निरोप जाऊ शकतो; पन्नास वर्षांनी शक्ती साधारण ७० टक्क्यांवर आली, तरी दर ३५-३६ मिनिटांनी एक! ओलीसाठी दिवसातून चार निरोप पुरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, तशा रात्री पाण्याची पातळी सांगणाऱ्या यंत्राचा सेल संपलेला असून कसं चालेल? पुलाच्या खांबात, खोल बोअरमध्ये, जिथे माणूस पुन्हा पोचणार नाही, तिथे हिची जागा आहे.

काका म्हणाले, “म्हणजे माह्या फोनात नाही, पण या डब्यात चालते?” मी म्हटलं, “चालेल काका, पण परवानगी आणि परवडणारा भाव, दोन्ही आधी यायला हवं.” मग पट्टी घासली, ३.६ व्होल्टचा लिथियम सेल बसवला आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून झाकणाखालचं रबर बदललं.