तेवढी डिस्क दे की, उद्या आणून देतो

कोल्हापुरात माणसाला नाही म्हणायची सोय नाही. आलेला पाहुणा नको नको म्हणतोय तवर चहा पुढ्यात येतो, जेवायला बस म्हणेपर्यंत ताट वाढलेलं असतंय, आणि मग पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या ओतून झाल्या की तोच माणूस हात पुसत पुसत टीव्हीखालच्या कपाटाकडं बघतो आणि म्हणतो, "भावा, ती फुटबॉलच्या गेमची डिस्क दे की, उद्या आणून देतो." आता इतकं खाऊ घातल्यावर एका चकतीसाठी नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून मी एकट्यानं डिस्क कितीही जपली तरी काय उपयोग नाही. डिस्कवर ओरखडे नको असतील तर आधी पाहुणे कमी करायला लागतील, आणि ते आमच्या आईच्या हयातीत तरी शक्य नाही.

मी कशी काढतो बघा. डबा टेबलावर आडवा ठेवायचा, मधल्या खुंटीवर बोटानं दाबायचं, टक् वाजलं की डिस्क आपसूक सुटते, मग एक बोट मधल्या भोकात, अंगठा कडेला, संपला विषय. खालच्या बाजूला हात नाही. आमच्याकडं येणारी पोरं मात्र खुंटीकडं बघतच नाहीत, कडेला नख घालून सरळ ओढतात, डिस्क पार वाकते तरी ओढतात, कारण सुटत नाही म्हणजे जोर कमी पडला, एवढं एकच लॉजिक तालमीच्या गावात चालतंय. त्यानं मधल्या भोकाभोवती केसासारखे बारीक तडे जातात, ते कुणाला दिसत नाहीत, आणि अशी डिस्क गेमच्या मशीनमध्ये गरागरा फिरायला लागली की आत काय होईल या विचारानं माझ्याच पोटात गोळा येतो.

मामाचा बारका पोरगा मात्र स्वतःला लई जपणारा समजतो. तो डिस्क काढली की चकचकीत बाजू वर करून सोफ्यावर पालथी टाकतो. "दादा, खालची बाजू घासू नये म्हणून उलटी ठेवलीय, बघ." हे चूक की बरोबर ते डिस्क कुठली त्यावर आहे, आणि हे त्याला समजवायला घेतलं की तो मोबाईल काढतो, त्यामुळं इथंच सांगून मोकळा होतो.

दिसायला सगळ्या एकच, 120 मिलिमीटर रुंद आणि 1.2 मिलिमीटर जाड. पण जुन्या सीडीत सगळा डेटा वरच्या, म्हणजे चित्र छापलेल्या बाजूला असतो, त्यावर नुसता पातळ थर आणि छपाई, बास. खाली मात्र एक मिलिमीटरपेक्षा जास्त प्लास्टिक, त्यामुळं खाली बारीक रेघ पडली तरी लेझर तिच्या पलीकडं बघून वाचत राहतो, वरच्या छपाईवर खिळा फिरला तर गेम कायमचा गेला. म्हणजे लहानपणी आम्ही सगळ्यांनी जीव तोडून जपली ती नेमकी दणकट बाजू, आणि नाजूक बाजूवर बॉलपेननं आपापली नावं घातली. डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, डेटा मधे, त्यामुळं ती दोन्हीकडनं बऱ्यापैकी सुरक्षित. 2000 साली आलेल्या पीएसटूचे, म्हणजे प्लेस्टेशन 2 या टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनचे, बहुतेक गेम असल्याच डीव्हीडीवर यायचे, म्हणून तर राजारामपुरीत तासावर पैसे देऊन खेळायचो तिथल्या डिस्का पाऊचमधून शंभरदा आतबाहेर होऊनही चालायच्या.

नंतर 2006 ला पीएसथ्रीबरोबर गेमसाठी ब्लू-रे ही नव्या प्रकारची डिस्क आली आणि सगळं उलटं झालं. 25 जीबी माल एका थरात बसवायचा म्हणजे खुणा लई बारीक, त्या वाचायला 405 नॅनोमीटरचा जांभळट लेझर, आणि त्याचा ठिपका बारीक पडावा म्हणून डेटा खालच्या पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत. म्हणजे जवळजवळ उघड्यावरच. सुरवातीला तर ही डिस्क प्लास्टिकच्या बंद खोक्यातच ठेवायचं चाललेलं, जपानात 2003 मध्ये आलेले रेकॉर्डर तसल्या खोक्यातल्याच डिस्का घ्यायचे, मग कडक कोटिंग सापडलं आणि खोकं गेलं. माझं मत विचाराल तर कोल्हापूरपुरतं ते खोकं ठेवायला पाहिजे होतं.

तर बारक्याचं उलटं ठेवणं सीडीला घातक आणि ब्लू-रेला त्यातल्या त्यात बरं. त्याला यातलं काही माहीत नाही, पण आहे बरोबर, आणि हे मी त्याला जन्मात सांगणार नाही.

आता पुसणं. आपल्याकडं डिस्क अडकली की पहिली स्टेप म्हणजे तोंडाजवळ नेऊन "हाऽऽ" करणं, दुसरी म्हणजे टीशर्टचं टोक धरून गोल गोल रगडणं. त्या टीशर्टवर काय असतं? सकाळी मिसळ खाताना उडालेला कट, आणि खोदलेल्या रस्त्यावरची गाडीवरून येताना बसलेली धूळ. कट परवडला, खरं सांगतो. तेलकट बोट उमटलं तर कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, चष्मा पुसायचं मऊ फडकं, झालं साफ. धूळ म्हणजे बारीक खडी, ती रगडली की रेघ पडलीच. आणि गोल पुसणं हे तर सगळ्यात वाईट, कारण डिस्कवरचा डेटा आतून बाहेर असा एका लांबच लांब गोल गोल रेघेत लिहिलेला असतो. मधून कडेकडं सरळ गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याचा इवलासा तुकडा खातो, आणि तेवढं भरून काढायचं गणित डिस्कमध्ये आधीच घातलेलं असतंय, सीडीत सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास गेलं तरी मशीन ते बरोबर जुळवून घेतं. गोल ओरखडा मात्र एकाच रेघेवरनं चालत सुटतो, तिथं गणित संपलं. म्हणून पुसायचं मधून कडेकडं, सरळ. हे मी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलंय की पप्पा आता स्वतःचा चष्मासुद्धा मधून बाहेर पुसतात आणि माझ्याकडं बघून "बरोबर हाय न्हवं?" म्हणून विचारतात.

खरी परीक्षा शाहू स्टेडियमवर मॅच असली की. इथं फुटबॉल पेठेपेठेत आहे, वर्ल्ड कपला गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि मॅच हरून आलेल्या पोरांना त्याच दिवशी बदला घ्यायचा असतो, तो माझ्या हॉलमध्ये. 2023 ला या फुटबॉलच्या गेमचं फिफा नाव जाऊन एफसी 24 आलं, ते इथं कुणाच्या कानावर गेलेलं नाही, येणारा प्रत्येक जण "फिफा लाव" म्हणत दारातनं आत. जागा कमी पडली की एक जण गेम चालू असतानाच अख्खं मशीन उचलून बाजूला सरकवतो. आत डिस्क जोरात फिरतेय, तुम्ही मशीन वाकडं केलं तरी तिला तिच्या जागीच फिरायचं असतंय, ती जाऊन आतल्या भागाला टेकली की कंपासनं काढावं असं सुबक वर्तुळ उमटतं. त्यावर मी ओरडलो तर म्हणाला, "दादा, आता गेम हार्डडिस्कवर उतरतोय, डिस्क नुसती दाखवायला असती." अर्धं खरं आहे. पीएसफोरपासून गेम आत कॉपी होतो आणि नंतर डिस्क असली म्हणजे झालं. पण पुढच्याच्या घरी ती पहिल्यांदा कॉपी करताना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लागते, आणि आमची डिस्क तर कायम पुढच्याच्या घरीच असते.

मग फोन येतो. "भावा, सत्तर टक्क्यावर अडकलंय, पेस्ट लावू काय?" टूथपेस्टचं हे प्रकरण अगदीच थापा नाही, सीडी-डीव्हीडीवर त्यातली बारीक पावडर प्लास्टिक थोडं घासते आणि रेघेच्या कडा गुळगुळीत होतात, कधीकधी चालतंय. पण ब्लू-रेला आहे किती मांस, 0.1 मिलिमीटर, त्यातलं तुम्ही वरचं कोटिंगच घासून काढणार. हे मी फोनवर ओरडून सांगतो, पलीकडनं शांतपणे आवाज येतो, "लावली रे मगाशीच. आता काय करू?"

जुने गेम मी विकतो, आणि विकताना या सगळ्याची किंमत कळते. मागे इचलकरंजीचा एक जण रंकाळ्यावर भेटायला आला. आला, नमस्कार नाही, काही नाही, मोबाईलची टॉर्च लावली, डिस्क तिरकी धरली आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसा एक एक इंच बघायला लागला. मी श्वास धरून. "ही रेघ कसली?" "केस आहे तो." त्यानं फुंकर मारली, केस उडाला. "आणि हे?" "बोट. तुमचंच, आत्ताचं." मग त्यानं डिस्क परत फिरवली, एवढं बघूनही काही सापडेना म्हणून तो जास्तच संशयी झाला, आणि म्हणाला, "वापरलीय म्हणता, मग ओरखडा कसा नाही? ओरिजनल हाय न्हवं?" शेवटी दोनशे कमी करून घेतलेच त्यानं, डबा चिरलाय म्हणून.

डिस्क नसलेलं मशीन घे, म्हणून सगळे सांगतात. ओरखडा नाही, धूळ नाही, कुणी मागायला येणार नाही. पण मग जुने गेम विकायचे कसे? आणि पाहुणा जाताना डिस्क नाही मिळाली तर मशीनच मागेल, एवढी मला माझ्या माणसांची खात्री आहे.

परवा गौरी-गणपतीची तयारी चाललेली. आईनं मखराच्या मागं लावायला चकत्या पाहिजेत म्हणून सांगितलं, लाईट पडला की छान रंग दिसतात म्हणे. मी आनंदानं सगळ्या बाद झालेल्या डिस्का, पेस्ट लावलेल्या, गोल वर्तुळं पडलेल्या, मोठी पिशवी भरून तिच्यापुढं ओतल्या. तिनं एक उचलली, उजेडात तिरकी धरली, दुसरी उचलली, ती पण खाली ठेवली.

"ह्या नकोत रं," म्हणाली. "सगळ्यांवर ओरखडे हायत, चमकत न्हाईत. ती निळ्या डब्यातली दे की, ती चांगली हाय."