‘दूरदर्शन विकून टाका’ म्हणणाऱ्यांना, तोरिनोहून

दादाशी पुन्हा वाजलं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, कोथरूडला असतो, आणि फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी त्याचं ठरलेलं येतं की दूरदर्शन विकून टाका, कोण बघतं ते, नुसता सरकारचा भोंगा. या वेळी त्याला एक शेपूट जोडलं होतं. "युरोपात लोक असलं एक दिवस खपवून घेणार नाहीत, विचारा हिला." हिला म्हणजे मला, मी इटलीत तोरिनोला असते. मी सांगायला सुरुवात केली तर लगेच, "तुला काय गं, तू तिकडे बसून बोलणार." साक्षीला बोलवायचं आणि साक्ष सोयीची नाही म्हटल्यावर हाकलायचं, हे मला नाही पटत. मावशीने मध्ये पडून हात जोडले म्हणून तिथे गप्प बसले, पण मला राहवत नाहीये, म्हणून सगळं नीट लिहिते.

खपवून घेत नाहीत? दादा, 2023 साल मी इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलंय.

मेलोनी ऑक्टोबर 2022 मध्ये इटलीच्या पंतप्रधान झाल्या. राय म्हणजे इथलं दूरदर्शन, तिचे सीईओ होते कार्लो फुओर्तेस, आधीचे पंतप्रधान द्रागी यांच्या काळात नेमलेले. 8 मे 2023 ला त्यांनी राजीनामा दिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की एडिटोरियल धोरणात आणि कार्यक्रमांत जे बदल मला रायच्या हिताचे वाटत नाहीत ते मी नुसतं खुर्चीसाठी मान्य करणार नाही. त्याच्या काही दिवस आधीच सरकारने एक अध्यादेश काढला होता की ऑपेरा हाऊसचे संचालक सत्तरीनंतर राहू शकत नाहीत. आता याचा टीव्हीशी काय संबंध, तर नेपल्सच्या सान कार्लोमध्ये सत्तरी उलटलेले फ्रेंच संचालक होते, लिस्नर, ते गेले की ती जागा फुओर्तेसना देता येत होती आणि रायची खुर्ची मोकळी होत होती. लिस्नर गेले, फुओर्तेस तिथे बसलेसुद्धा, आणि सप्टेंबरमध्ये कोर्टाने लिस्नरना परत आणलं. हे युरोप, दादा. आपल्याकडे एखाद्या महामंडळात असं झालं असतं तर तू चार दिवस फॉरवर्ड पाठवत बसला असतास.

मग रांगच लागली. रायमध्ये चाळीस वर्षं काढलेला फाबिओ फात्सिओ, ज्याचा रविवार रात्रीचा कार्यक्रम 2003 पासून रायवर होता, त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं आणि वाढवलं गेलं नाही. तो कार्यक्रमातल्या विनोदी कलाकार लिट्टित्सेत्तोला घेऊन डिस्कव्हरीच्या नोव्हे चॅनेलवर गेला. साल्विनीने, म्हणजे देशाच्या उपपंतप्रधानाने, त्यावर ट्विट केलं, "बेल्ली चाओ", म्हणजे चला, टाटा. त्याच मे महिन्यात रायची पत्रकार लुचिया आनुन्त्सियाताने राजीनामा दिला. बिआंका बेर्लिंग्वेर, कम्युनिस्ट पक्षाच्या एन्रिको बेर्लिंग्वेरची मुलगी, राय सोडून रेते 4 वर गेली, म्हणजे थेट उजव्या बाजूचे माजी पंतप्रधान बर्लुस्कोनी यांच्या चॅनेलवर. लेखक साविआनो, ज्याला माफियावर लिहिल्याबद्दल 2006 पासून पोलीस संरक्षणात राहावं लागतंय, त्याचे रेकॉर्ड करून तयार असलेले माफियावरचेच भाग उन्हाळ्यात वेळापत्रकातून काढले. आणि याच सगळ्याच्या मधोमध, 12 जूनला, खुद्द बर्लुस्कोनी गेले. ज्या माणसाने मिलानोच्या एका वसाहतीच्या केबल टीव्हीपासून सुरुवात करून या देशाची संध्याकाळ बदलून टाकली, त्याला राष्ट्रीय दुखवटा मिळाला. ऑफिसमध्ये त्या दुपारी अर्धे जण हळहळत होते आणि अर्धे दात-ओठ खात होते, पण टीव्ही सगळ्यांनी लावलेला होता.

आता खालच्या मजल्यावरच्या सिन्योराचं सांगते. ऐंशीच्या पुढची बाई, शाळेत शिकवायची. रविवारी आठ वाजले की तीन नंबर, हे इतकं ठरलेलं की जिन्यात आवाजावरून कळायचं. ऑक्टोबरमध्ये फात्सिओ नव्या चॅनेलवर सुरू झाला त्या आठवड्यात मी तिचं पार्सल द्यायला गेले तर रिमोटवर सेलोटेपने कागदाचा कपटा चिकटवलेला, त्यावर पेन्सिलने, फात्सिओ 9. भाच्याने लिहून दिलं होतं. नऊ दाबायला ती शिकली, पण तिचा राग काही गेला नाही. मला म्हणाली की कार्यक्रम माझ्या पैशांवर मोठा झाला, आता अमेरिकन कंपनीकडे गेला, मध्ये जाहिरातींचा मारा, आणि विजेच्या बिलात कानोने, म्हणजे रायसाठीची सक्तीची फी, मात्र तस्साच येतोय. दहा महिने, दर महिना नऊ युरो. मधे 2024 ला वर्षाचे सत्तर केले होते, 2025 ला परत नव्वद.

माझ्याही बिलात येतो. 2016 च्या आधी तो वेगळा भरायला लागायचा तेव्हा चारातलं एखादं घर चुकवायचंच, बिलात घातल्यापासून सुटका नाही. इटालियन लोक कानोनेला जितक्या शिव्या देतात तितक्या इन्कम टॅक्सलासुद्धा देत नसतील. पण त्या शिवीत हक्क आहे, आणि मला दादाला नेमकं हेच सांगायचं होतं जे ग्रुपवर सांगता आलं नाही. सिन्योराने एकदाही रायला विकून टाका म्हटलं नाही. ती म्हणाली, माझी राय त्यांनी काय करून ठेवली.

आपल्याकडे टीव्हीचं लायसन्स ऐंशीच्या दशकातच गेलं. घरात पोस्टाचं लायसन्स पुस्तक होतं, त्यावर तिकिटं चिकटवायची, आईला आठवतं. ते गेलं ते सोयीचं झालं, पण तेव्हापासून दूरदर्शन आपल्या खिशातून थेट चालत नाही, सरकारी अनुदानावर चालतं, त्यामुळे ते बिघडलं तरी आपल्याला आपलं काही गेलंय असं वाटत नाही.

राय स्वतंत्र आहे असं मी अजिबात म्हणत नाही. दादाच्या डोक्यातला युरोप कदाचित लंडनला असेल, तोरिनोत तरी नाही. सत्तरच्या दशकापासून इथे वाटणीच होती, राय 1 ख्रिश्चन डेमोक्रॅट्सचं, राय 2 समाजवाद्यांचं, आणि 1979 ला आलेलं राय 3 पुढे कम्युनिस्टांच्या वाट्याला. 2002 मध्ये बर्लुस्कोनींनी पंतप्रधान असताना सोफियातल्या पत्रकार परिषदेत पत्रकार बियाजी आणि सांतोरो आणि विनोदकार लुत्ताझ्झी यांची नावं घेऊन सांगितलं की यांनी सरकारी टीव्हीचा गैरवापर केलाय, आणि पुढे तिघेही रायच्या पडद्यावरून गेले. 2015 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रेन्झींनी, म्हणजे डाव्या बाजूच्या माणसाने, कायदा करून सीईओ सरकारच्या हातात आणखी पक्का दिला. तोच कायदा मेलोनींच्या कामी आला. त्यामुळे आज 'टेलेमेलोनी', म्हणजे मेलोनींचा टीव्ही, म्हणून ओरडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मी विचारेन की तेव्हा तुम्ही कुठे होतात.

पण एक गोष्ट दादाने बघावीच. एप्रिल 2024. 16 तारखेला आपल्याकडे डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला. त्याच आठवड्यात, 20 तारखेला, राय 3 वर लेखक आंतोनिओ स्कुराती 25 एप्रिलच्या, म्हणजे फॅसिझममधून सुटकेच्या दिवसाच्या, निमित्ताने मुसोलिनी आणि फॅसिस्टांनी मारलेल्या समाजवादी खासदार मात्तेओत्तीच्या खुनावर बोलणार होता, ते आयत्या वेळी रद्द केलं. कार्यक्रमाची निवेदिका सेरेना बोर्तोने हिने तो मजकूर स्वतः हवेवर वाचून दाखवला. रायमध्ये राहून, रायच्या स्टुडिओतून. मेलोनींनासुद्धा तो मजकूर स्वतःच्या फेसबुक पेजवर टाकावा लागला. 6 मेला रायच्या पत्रकारांच्या युनियनने संप केला, बातम्यांची वेळापत्रकं कोलमडली. आणि आपल्याकडे? लोगोवरून दोन दिवस आरडाओरडा, प्रसार भारतीचे माजी सीईओ जवाहर सरकार बोलले, विरोधी पक्ष बोलले, आणि संपलं. कारण त्या लोगोखाली कोण काय वाचतंय हे बघणारंच कोणी नव्हतं. एनडीटीव्ही अदानींकडे जात असताना नोव्हेंबर 2022 मध्ये रवीश कुमार राजीनामा देऊन युट्यूबवर गेले तेव्हा दादालाही वाईट वाटलं होतं, पण ते खासगी चॅनेल होतं. विकलं गेलेलं चॅनेल कोण विकत घेतं ते तेव्हाच दिसलं ना सगळ्यांना? मग दूरदर्शन विकायचं म्हणजे नक्की कोणाला विकायचं, हे दादाने एकदा सांगावं.

इथे रायच्या अध्यक्षाला संसदेच्या समितीत दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे विरोधकांशिवाय होत नाही, आणि म्हणून ऑक्टोबर 2024 पासून ती खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी राहिली. लाजिरवाणं आहे, पण निदान अडवायला जागा आहे. आपल्या प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्यात बोर्ड निवडणारी तिघांची समिती आहे, राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक माणूस. विरोधी पक्षाचा तिथे कोणीच नाही. त्यात बदल मागा की. सह्याद्रीच्या बातम्यांसाठी भांडा की. विकून टाका म्हणायला काय लागतं.

सह्याद्रीचं नाव आलं की माझा आवाज चढतो हे मला माहितीये. आमच्याकडे सिंहगडावरच्या टॉवरमुळे चित्र दिसायचं, वारा आला की अँटिना फिरवायला बाबा गच्चीत आणि मी खिडकीत, आलं आलं गेलं करत. संध्याकाळी आजोबा 'आमची माती आमची माणसं' बघायचे, शेती नव्हती तरी बघायचे. मग सातच्या बातम्या. प्रदीप भिडे बातम्या वाचायचे तेव्हा आजी जेवायचं वाढता वाढता थांबायची. माझं मराठी कुणी तोडू शकत नाही आज, ते शाळेमुळे नाही, त्या सातच्या बातम्यांमुळे आहे.

रांजणगावच्या कारखान्यात लागले, तिथून दोन वर्षांसाठी म्हणून तोरिनोला पाठवलं आणि राहिलेच. इटालियनही मी टीव्हीवरच शिकले, राय 3 चं साडेसातचं प्रादेशिक बातमीपत्र, पिएमोंतेचं, ट्राम बंद, द्राक्षांवर गारपीट, कुठल्याशा गावात हेझलनटची जत्रा. सावकाश बोलतात, कळायचं. पहिल्या हिवाळ्यात या घरात दुसरा माणसाचा आवाज नव्हता. म्हणून 2023 मध्ये रायमधून एकेक माणूस जात होता तेव्हा मला जे वाटलं ते बाहेरून बघणाऱ्याचं वाटणं नव्हतं, आणि ऑफिसात मी तावातावाने बोलायला लागले की एकजण हमखास म्हणतो, तुमच्याकडे तरी मीडिया कुठे धड आहे. तिकडे दादा म्हणतो तू तिकडे बसून बोलतेस. दोघांचं एकच म्हणणं, की तुझं काम नाही.

इथे मला मत नाही. नागरिकत्वाला दहा वर्षं लागतात, जून 2025 ला ती पाच करायचं सार्वमत झालं तर तीसेक टक्केच लोक मतदानाला गेले आणि कोरम न झाल्याने ते बारगळलं. माझी दहा कधीच झालीयेत, कागद तयार आहेत, पण भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल म्हणून फाईल तशीच पडून आहे. तिथे मत आहे, पण ते टाकायला विमानाने यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी जमत नाही. आई म्हणते कशाला दोन दगडांवर पाय. दादाने परवा मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही, की चिडू नकोस, पण तू आता आपल्याकडची राहिली नाहीस एवढंच म्हणायचं होतं. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण रडू आलं आणि रागही आला. उत्तर असं आहे की दादा, ज्या गोष्टीची तुला विकून टाकण्याइतकीच किंमत आहे तिच्यासाठी मी रात्री साडेअकराला हजारो मैलांवरून भांडतेय, मग तिथली कोण राहिली आणि कोण नाही ते तू मला सांगू नकोस.