दगडीवरचा तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वरचेवर येतो. त्याचा सार असा: गाईला दगडी (कासदाह, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार) झाली तर डॉक्टर बोलवू नका, कोरफड-हळद-चुन्याचा लेप लावा, गाय ठणठणीत होते. दुधात गाठी नसतील तर कास निरोगी समजा. औषध दिलंच असेल तर दूध उकळा, अंश निघून जातो. आणि दगडी होते ती थंडीने, चाऱ्याने, नाहीतर नजर लागून. यातली एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच बाकीच्या खपतात.

ती खरी गोष्ट म्हणजे लेप. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना हे प्रमाण कुणा बुवाचं नाही; राष्ट्रीय दुग्धविकास मंडळच ते पशुपालकांना शिकवतं. पण त्या पद्धतीत आधी सड पूर्ण पिळून रिकामे करायचे, कास धुवायची आणि मग दिवसातून अनेक वेळा लेप लावायचा असतो. मेसेज फिरता फिरता पिळणं आणि धुणं गळालं, ‘डॉक्टर नको’ तेवढं वरून चिकटलं. जंतूंनी भरलेलं दूध आत ठेवून वरून लेप थापला तर काय साधणार? व्यायल्यानंतरच्या दिवसांत ई. कोलाय जंतूची दगडी झाली तर दूध पाण्यासारखं पिवळसर येतं, गाय वैरणीला तोंड लावत नाही, कान गार पडतात. अशा वेळी हातात काही तासच असतात. सड निळा पडून गार लागला तर लेप वाटत बसू नका, फोन लावा.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. दुधात गाठ दिसली की मेडिकलमधून प्रतिजैविकाची ट्यूब आणायची, दोन वेळा सडात सोडायची आणि दूध जरा सुधारलं की थांबायचं. माझ्या मते हे लेपापेक्षा वाईट. अर्धवट मात्रेतून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देतीलच असं नाही.

आता गाठींचं. ‘दूध पांढरंशुभ्र आहे, म्हणजे कास चांगली’ हे वाक्य मला सगळ्यात महागडं वाटतं. सुप्त दगडीत कास मऊ असते, दूध नेहमीसारखं दिसतं, गाय खातपीत असते; फक्त दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. निरोगी सडाच्या दुधात त्या साधारणपणे मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात. युरोपात दुधासाठी चार लाखांची मर्यादा आहे. एखाद्या सडाच्या दुधात त्या यापेक्षाही जास्त असल्या तरी डोळ्याला काही कळत नाही.

कळतं ते चार कप्प्यांच्या तबकडीत. पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढायच्या, मग प्रत्येक सडाचं थोडं दूध आपापल्या कप्प्यात घ्यायचं, तेवढंच सीएमटीचं (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, दगडी ओळखण्याची चाचणी) द्रावण टाकायचं आणि तबकडी हलक्या हाताने गोल फिरवायची. चांगल्या सडाचं दूध पातळच राहतं. बिघडलेल्या सडाचं शेंबडासारखं घट्ट होऊन मध्ये गोळा होतं. द्रावण पेशी फोडतं आणि आतला डीएनए बाहेर पडून चिकट होतो, एवढंच त्यामागचं गुपित. द्रावण नसेल तर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवूनही अंदाज येतो. डोळ्याला एकसारखी दिसणारी चार सडांची दुधं, आणि त्यातलं मागच्या डाव्या सडाचं अचानक लोंबायला लागतं, हे एकदा पाहिलं की ‘दूध पांढरंशुभ्र’ हा युक्तिवाद परत कुणी करत नाही.

ते वाक्य महागडं अशासाठी की दगडीच्या सडात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी होतं, क्षार वाढतात, दूध किंचित खारट लागतं. लॅक्टोज घसरलं की एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) घसरतो. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो, त्याखाली कपात. मग शेतकरी खुराक बदलतो, मिनरल मिक्श्चर बदलतो, संकलन केंद्रावरच्या मशीनला शिव्या घालतो. (मशीनही कधी कधी शिव्यांच्या लायकीचं असतं, ते सोडा.) सड मात्र कुणी तपासत नाही.

उकळण्याचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकांचा अंश एका उकळीत नाहीसा होईल यावर विसंबता येत नाही. तो पुरेसा असेल तर त्या दुधाला विरजणही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूच त्याला बळी पडतात. जंतूंचंही तेच. स्टॅफिलोकोकस उकळीने मरतो, पण त्याने दुधात आधीच सोडलेलं विष उकळीलाही टिकतं. ‘ट्यूब एकाच सडात सोडली, बाकी तिघांचं दूध घातलं तर काय बिघडलं?’ असंही विचारतात. औषध रक्तातून उरलेल्या सडांत उतरू शकतं. म्हणून औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालायचं नाही. वासरालाही पाजायचं नाही.

नजरेबद्दल काय बोलायचं. थंडी आणि चारा हेही मूळ नव्हे; जंतू शिरतात ते सडाच्या तोंडातून. धार काढल्यावर ते तोंड मिटायला अर्धा ते एक तास लागतो. गाय तेवढ्यात शेणात बसली की वाट मोकळीच. म्हणून धार झाल्या झाल्या गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहते, आणि सड ०.५ टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. अंगठा दुमडून धार काढण्याची सवय असेल तर ती मोडा, सड आतून दुखावतो. दगडी झालेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी, कारण तेच ओले हात पुढच्या गाईला लागतात. आणि एखादा सड महिनोन्महिने तबकडीत घट्टच येत असेल, तर गाय आटवताना (धार काढणं बंद करताना) सडात सोडायच्या ट्यूबबद्दल डॉक्टरांना विचारा. दूध चालू असताना न हटलेला जंतू भाकड काळात हटण्याची शक्यता जास्त असते.