वन बीएचके विकला आणि डोक्याला शॉट लावून घेतला

टॅक्स भरायला माझी ना नाही हे आधीच सांगते, नाहीतर लगेच कोणीतरी रस्ते कुठून बनतात ते शिकवायला येईल. भरते ना, पण किती भरायचा ते तरी एकदा धड सांगा की! गेले तीन आठवडे ऑफिसमधून आले की जेवण, आणि जेवण झालं की एक्सेल. नवऱ्याने त्या शीटला सवत म्हणायला सुरुवात केलीये.

सिंहगड रोडला आमचा एक वन बीएचके होता. दादा आणि मी मिळून 2009 च्या सप्टेंबरमध्ये घेतलेला, अर्धा त्याचा अर्धा माझा, स्टॅम्प ड्यूटी रजिस्ट्रेशन सगळं धरून 19,60,000. नंतर दादा न्यू जर्सीला गेला, फ्लॅट भाड्याने, आणि दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, भाडेकरूचा गीझर, खालच्यांच्या छताला लीकेज हे सगळं कोणी केलं तर अर्थातच जी पुण्यात होती तिने. गेल्या वर्षी मे महिन्यात 52 लाखाला विकला. एजंटने एक टक्का म्हणजे 52,000 घेतले. मला वाटलं सुटले.

तर ऐका. 23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं, काढून टाकलं, घर विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स 20 टक्क्यांऐवजी सरसकट 12.5 टक्के केला, आणि वर सोपं केलं म्हणून सांगितलं. लोकांनी बोंब मारली तेव्हा ऑगस्टमध्ये म्हणाले की बरं, त्या तारखेच्या आधी घेतलेलं घर असेल तर दोन्हीकडून हिशोब करा आणि कमी येईल तो भरा. सोपं करायला निघाले आणि एकाचे दोन हिशोब करून ठेवले! तेही केले मी. इंडेक्सेशन धरून केला, सरकारचा महागाईचा 2009-10 चा आकडा 148 आणि 2025-26 चा 376, म्हणजे आमचे 19,60,000 आज 49,79,459 धरायचे, एजंटचे वजा करून नफा फक्त 1,68,541 आणि त्यावर 20 टक्क्यांनी 33,708. आणि इंडेक्सेशन न धरता नफा 31,88,000, त्यावर 12.5 टक्के म्हणजे 3,98,500. मी तीनदा तपासलं. तेहतीस हजार आणि चार लाख! एकाच फ्लॅटचे! पहिल्यांदा वाटलं शून्य चुकलं कुठेतरी, पण नाही, सीए म्हणाला बरोबर आहे ताई.

मग ठीक आहे ना, कमीवाला भरू, विषय संपला? छे. हा चॉइस फक्त इथे राहणाऱ्यांना. दादा एनआरआय, त्याला 12.5 टक्केच. म्हणजे माझ्या अर्ध्या फ्लॅटवर सेस (टॅक्सवरचा जादा टॅक्स) धरून 17,528 आणि त्याच्या अर्ध्यावर 2,07,220. हॉल माझा आणि बेडरूम त्याची असं आम्ही वाटून घेतलेलं नव्हतं हो, त्याच भिंती, तीच गळकी बाल्कनी, महागाई काय फक्त माझ्या अर्ध्यात वाढली का? (दादाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं नेट गेलं.)

टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या टॅक्सची, तर वेगळीच गंमत. 50 लाखाच्या वरचा व्यवहार म्हणून घेणाऱ्याने माझ्या 26 लाखावर 1 टक्का कापला, 26,000. माझा टॅक्सच साडेसतरा हजार! आणि दादाच्या बाबतीत नफ्यावर नाही, अख्ख्या 26 लाखावर सेस धरून 13 टक्के, म्हणजे 3,38,000 कापले. कमी कापायचं सर्टिफिकेट मिळतं, त्यासाठी तेव्हा फॉर्म 13 भरायचा होता आणि वाट बघायची. घेणारा बिचारा म्हणाला मॅडम माझं लोन सँक्शन झालंय, मी किती थांबू. त्याची तरी काय चूक, त्याला तर एका फ्लॅटसाठी टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला, तो मला विचारतोय टॅन म्हणजे पॅनच ना? मीही आधी तेच समजले होते. आता दादाचे सव्वा लाखाच्या वर पैसे अडकलेत ते रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून येतील, येतील तेव्हा येतील.

आणि फुकटचे सल्ले देणारे! आमच्या ग्रुपवरचा एक काका, दर दोन तासांनी मेसेज. अगं सोपं आहे, दुसरं घर घे ना दोन वर्षात, टॅक्स माफ. काका, साडेसतरा हजार वाचवायला मी पुण्यात घर घेऊ? मग म्हणे टॅक्स वाचवणारे बाँड घे, 54ईसी कलमाचे. अहो ते सहा महिन्यांत घ्यायचे असतात, ते कधीच उलटले, आणि पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज सव्वापाच टक्के आणि त्या व्याजावर परत टॅक्स. मग म्हणे होम लोनचं व्याज किमतीत धर. जे व्याज दरवर्षी रिटर्नमध्ये वजा करून घेतलं ते 2023 च्या बदलानंतर परत धरता येत नाही. रंग दिला, नळ बदलले, तेही नाही, त्यासाठी भाड्यातून सरसकट 30 टक्के दरवर्षी वजा मिळालेच की असं सीए म्हणतो. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीची, भीती वेगळीच, आमचा आला 55 लाख. फरक दहा टक्क्यांच्या आत होता म्हणून वाचलो, नाहीतर न मिळालेल्या तीन लाखावर पण टॅक्स. हाताला न लागलेल्या पैशावर! त्यात आता एप्रिल 2026 पासून नवीन कायदा, कलमांचे नंबरच बदलले, आमचा व्यवहार आधीचा म्हणून जुनेच लागू. तीन आठवड्यांत जे काय पाठ झालंय ते पुढच्या वेळी कामाचं नाही.

अमेरिकेचं तर मी डोक्यातच घेत नव्हते पण दादाने घातलं. तिकडे पण दाखवावं लागतं म्हणे, आणि तिकडे डॉलरमध्ये. घेतला तेव्हा डॉलर 48 च्या आसपास, विकला तेव्हा 85, म्हणजे इथे एकतीस लाखाच्या वर नफा आणि तिकडे अख्ख्या फ्लॅटचा जेमतेम वीस हजार डॉलर. ऐकून बरं वाटलं, तेवढ्यात त्याचा तिकडचा सीए म्हणाला की भाड्याने दिलेल्या घराचा दरवर्षी घसारा (घर जुनं होतं म्हणून किंमत कमी करणं) धरायचा असतो, तुम्ही घेतला नसेल तरी घेतला असंच आम्ही धरतो आणि तेवढा नफा वाढतो. इथे भाड्याच्या घराला घसारा मिळतच नाही! मी फोन ठेवून दिला सरळ.

आणि आता खरी आग कशाची झालीये ते. 2014 मध्ये मी तिथे नवीन ओटा, टाइल्स, सगळ्या खिडक्यांना ग्रिल करून घेतलं होतं, 1,20,000 चं काम. सीए काल सहज म्हणाला, ताई, त्याचं बिल आहे का? इंडेक्सेशन लावलं तर ते 1,88,000 होतात, म्हणजे तुमचा नफाच उरत नाही, टॅक्स शून्य. शून्य!! आणि हे तीन आठवड्यांनी सांगतोय. बिल कसलं, मिस्त्रीने डायरीचं पान फाडून त्यावर लिहून दिलं होतं, "ओटा + ग्रील, पैसे मिळाले", खाली सही, तीही हिंदीत. पैसे रोख दिलेले, त्याने तसेच मागितले आणि मी शहाणीने दिले. ते पान मी जपून ठेवलं होतं हे मला पक्कं आठवतंय. कुठे ते नाही आठवत. शनिवारी माळा उतरवला, रविवारी आईकडची ट्रंक. 2011 ची गॅस बुकिंगची पावती सापडली, भाडेकरूच्या मुलाचा लसीकरणाचा कागद सापडला (तो आपल्याकडे का आहे?), फ्लॅट घेतला तेव्हाच्या पेढ्यांचं बिल सापडलं, 640 रुपये. पेढ्यांचं बिल आहे आणि ओट्याचं नाही.

आता दादाचा मेसेज, तिकडे मध्यरात्र झाली असेल, "ते पान मिळालं का गं? माझे पण 7,800 वाचतात." ये म्हणावं इकडे आणि माळ्यावर चढ.